वासघरातला नाकोबा

माझा धाकटा भाऊ गॅस कंपनीत वास घ्यायच्या कामावर होता. हसू नका. असं काम असतं आणि ते सगळ्यांना जमत नाही. मी सातवीपर्यंत शिकलोय, तरी हे काम काय असतं ते मला नीट सांगता येतं. मोठ्या साहेबांना येत नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर बोललेलो आहे.

जमिनीतून निघतो त्या गॅसला वास नसतो. घरात गळला तर कुणाला पत्ता लागणार नाही, आणि काडी ओढली की संपलं. म्हणून गावात सोडायच्या आधी त्यात एक घाणेरड्या वासाचा द्रव थेंबाथेंबानं मिसळतात. सडकी अंडी, कुजका कोबी आणि कुणीतरी वर रबर जाळलं, असा तो वास. त्या द्रवाची टाकी आणि पंप जिथं आहे त्या खोलीला आम्ही वासघर म्हणायचो. गावाबाहेर, तारेच्या कुंपणात, पत्र्याचं छप्पर. पलीकडे मोकळं माळरान, कारण शेजारी घर बांधायची कुणाची हिंमत नाही.

द्रव मिसळला म्हणजे काम झालं असं नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला, शेवटच्या घरात, तो वास पोचतोय का हे बघावं लागतं. त्यासाठी एक पेटी असते. एका बाजूनं तिच्यात नळीतला गॅस येतो, दुसऱ्या बाजूनं हवा, आणि वर एक नरसाळं. नरसाळ्यावर नाक ठेवायचं आणि चावी हळूहळू उघडत जायची. पहिल्यांदा वास लागला की हात थांबवायचा आणि काट्यावरचा आकडा वहीत लिहायचा. शंभर भाग हवेत पाच भाग गॅस झाला की तो पेट घेतो. नियम असा आहे की त्याच्या पाचव्या हिश्श्याला, म्हणजे शंभरात एक भाग असतानाच, साध्यासुध्या माणसाला वास आलाच पाहिजे. माझ्या भावाला शून्य पॉइंट दोनलाच यायचा. बाकीची माणसं पॉइंट पाच, पॉइंट सहाला माना डोलवायची, आणि हा केव्हाच वही मिटून बसलेला असायचा. म्हणून सगळी कंपनी त्याला नाकोबा म्हणायची.

त्याला कंपनीत मीच लावला. मी पाइप जोडायचो, वेल्डिंग. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण मग ती करायची कुणी? एकोणतीस वर्षांत माझा एक सांधा गळला नाही. सांध्याचे एक्सरे काढणारा माणूस म्हणायचा, "तुमचे फोटो बघताना मला झोप येते. काही सापडतच नाही." तर मी साहेबांना म्हटलं, माझा भाऊ घ्या. साहेब म्हणाले, त्याला काय येतं? खरं सांगायचं तर त्याला काहीच येत नव्हतं. हातोडा दिला तर अंगठ्यावर मारून घ्यायचा. पण लहानपणी तो स्वयंपाकघराच्या दारातून सांगायचा, "आई, हे दूध उद्या नासणार." आणि नासायचं. एकदा कपाट आणि भिंत यांच्या मधे उंदीर मेला होता, तो यानं अंथरुणात पडल्यापडल्या शोधून दिला. साहेबांना मी हे सांगितलं. साहेब हसले. तीन महिन्यांनी तेच साहेब पाहुण्यांना वासघर दाखवायला आणायचे आणि याला पुढं करायचे.

त्याचं लग्न झालं तेव्हा मला धाकटीची काळजी होती. धाकटी म्हणजे त्याची बायको, आम्ही घरात तिला तेच म्हणतो. चष्म्याच्या दुकानात काम करणारी, टापटिपीची बाई. वासघरात काम करणाऱ्याचे कपडे म्हणजे काय असतात ते तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं. तिनं आरडाओरडा केला नाही. दाराबाहेर झाकणाची बादली ठेवली आणि म्हणाली, "आधी कपडे, मग माणूस." चोवीस वर्षं हा माणूस जिन्यात शर्ट काढून, बादलीत टाकून, मगच उंबरा ओलांडायचा. शेजाऱ्यांनी सुरुवातीला गंमत केली. मग सवय झाली.

असं सगळं सुरळीत चालू असताना ती पुस्तिका आली.

कंपनीनं ठरवलं की आता नुसता गॅस विकून भागणार नाही, हवा खराब होते, तर गॅसमध्ये हायड्रोजन मिसळायचा आणि हळूहळू गॅस कमीच करत न्यायचा. त्यासाठी मुख्य कार्यालयातून एक मॅडम आल्या आणि सगळ्यांना हिरव्या कव्हरची पुस्तिका वाटली. नव्या कामाचे चौसष्ट शब्द. प्रत्येक शब्द आणि त्याचा अर्थ. नेट झिरो, संक्रमण, ब्लेंडिंग, हरित हायड्रोजन, कार्बन उत्सर्जन. एक तर होता अडकलेली मालमत्ता. म्हणजे जी नळी पुरलीय पण आता लागणार नाही, ती. मी त्या वर्षी निवृत्त होणार होतो. मी मॅडमना विचारलं, "यात आमच्यासाठी कुठला शब्द आहे? अडकलेली मालमत्ताच ना?" सगळा हॉल हसला. मॅडमही हसल्या, पण पान उलटून म्हणाल्या, "आहे ना. कौशल्य पुनर्विकास."

नाकोबा मात्र हसला नाही. त्यानं पुस्तिका खरोखर पाठ केली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, माझ्या मुलीला समोर बसवून. ती विचारायची आणि हा सांगायचा.

"काका, वासद्रव्यीकरण?"

"गॅसला असा वास देणे की सामान्य घ्राणशक्तीच्या माणसाला धोका होण्याआधी तो सहज ओळखता यावा."

"अक्षरन् अक्षर!"

"मग? माझंच काम आहे ते. एवढं मोठं नाव आहे हे मला माहीत नव्हतं, एवढंच."

परीक्षेत त्याला चौसष्टपैकी एकसष्ट मिळाले. शाळेत असताना त्याला एवढे कधी मिळाले नव्हते. मी ती गोष्ट गावभर सांगितली.

पुस्तिकेबरोबर आणखी एक गोष्ट झाली, ती पुस्तिकेत नव्हती. पेटीच्या कामाला पूर्वी दोन माणसं असायची. एकानं वास घ्यायचा, दुसऱ्यानं काटा बघून लिहायचं. दुसऱ्या माणसाची जागा संक्रमणात रद्द झाली. आता वास घेणारा आणि लिहिणारा एकच, नाकोबा.

त्याच हिवाळ्यात त्याला ताप आला. साधा ताप, आठ दिवसांत उतरला. तो कामावर गेला. कुणालाच काही वाटलं नाही.

महिन्याभरानं माझी मुलगी बाळंतपणाहून घरी आली आणि आम्ही दोन्ही घरं, जावयाकडची माणसं, असे पंधरावीस जण माझ्याकडे चहाला जमलो. नाकोबा कामावरून परस्पर आला. हसत आत आला, बाळाला बघायला वाकला. आणि जावयाची आई किंचाळली, "गॅस! गॅस गळतोय!" पळापळ झाली. कुणी खिडक्या उघडल्या, कुणी बाळाला घेऊन जिना उतरलं, जावयानं मेन कॉक बंद केला. एक मावशी कपबशी हातात घेऊनच रस्त्यावर गेली. घरात राहिलो मी, धाकटी आणि मधोमध उभा नाकोबा, वासघराचा शर्ट घालून. छातीवर द्रवाचा डाग. तो सगळ्यांकडे बघत होता आणि विचारत होता, "कुठं गळतोय? मला नाही येत."

धाकटी त्याच्या शर्टाकडे बघत राहिली. मग खुर्चीवर बसली.

मी पाहुण्यांना खाली जाऊन सांगितलं की विसरला बिचारा, बाळाला बघायची घाई. सगळे हसले. जावयाची आई म्हणाली, "कंपनीचं नाक स्वतःच विसरलं होय!" मीही हसलो. मग वर येऊन त्याला बाल्कनीत घेतला आणि दार लावलं.

"किती दिवस?"

"तापापासून."

"काहीच येत नाही?"

"दादा, आज सकाळी मी कांदा नाकाला लावून बघितला. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही आला."

"मग वहीत काय लिहितोस?"

तो म्हणाला, "मागच्या वर्षीच्या वहीत ज्या घराला जो आकडा होता, तोच उतरवतो. जुनी लाइन आहे, डोस तोच आहे, फरक पडत नाही. पण मी उद्या डॉक्टरकडे जाऊन सांगतो. मला गेटवरचं काम देतील. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत, बसेन गेटवर."

इथं मी काय बोललो ते लिहितो. लपवायचं असतं तर हे लिहायलाच घेतलं नसतं. मी म्हणालो, "माझा भाऊ गेटवर बसणार? गाड्यांचे नंबर लिहीत? ज्याला बघायला साहेब पाहुणे आणायचे, तो आता साहेबांना सलाम ठोकणार? तू गेटवर बसलास तर मी त्या रस्त्यानं जाणं सोडीन. आकडे आहेत ना वहीत? उतरव. अकरा महिने म्हणजे काय, डोळे मिटून उघडेपर्यंत जातात. येईलही परत वास तोवर."

"आणि नाही आला तर?"

"नाही आला तर नाही आला. लाइन जुनी आहे, तूच म्हणालास."

तो मान खाली घालून उभा राहिला. लहानपणापासून त्याची सवय, मी बोललो की संपलं. शर्ट बदलायला मी त्याला माझा दिला. त्याला सैल झाला.

दोन महिन्यांनी हायड्रोजनची लाइन सुरू झाली. गावाच्या उत्तरेची एक वसाहत निवडली होती, तीनेकशे घरं आणि एक बाजाराची गल्ली. शंभरातले वीस भाग हायड्रोजन. हायड्रोजनलाही स्वतःचा वास नसतो, म्हणजे सगळी मदार त्या द्रवावरच. त्यासाठी नवी पोलादी लाइन टाकली होती, आणि ती टाकली होती मी. निवृत्तीआधीचं माझं शेवटचं काम. अडीच किलोमीटर, एकशे अठ्ठ्याऐंशी सांधे. एक्सरेवाल्यानं शेवटच्या दिवशी मला हात जोडले. उद्घाटनाला फीत कापली तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो, आणि मॅडम भाषणात म्हणाल्या की हे संक्रमण अनुभवी हातांनी झालंय. अनुभवी हात म्हणजे हे, मी शेजारच्याला दाखवले.

आता एक गोष्ट सांगतो जी आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. नवं पोलाद वास पितं. आतून त्याला जो गंजाचा थर असतो, तो द्रव शोषून घेतो. इकडून वासाचा गॅस घातला तर तिकडून बिनवासाचा निघतो. म्हणून नवी लाइन मुरवावी लागते. सुरुवातीचे काही आठवडे डोस दुप्पट-तिप्पट ठेवायचा आणि रोज शेवटच्या टोकाला जाऊन पेटीवर नाक लावायचं. टोकाला वास पोचला, आकडा एकच्या बराच खाली आला, की लाइन मुरली. मग डोस कमी करायचा. आणि मुरली की नाही हे सांगणारा माणूस एकच, नाकोबा.

तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. दुपार होती, मी जेवून आडवा झालो होतो.

"दादा, ही नवी लाइन आहे. हिचा मागच्या वर्षीचा आकडाच नाही. मुरली का नाही, मला कळत नाही. साहेब विचारतायत डोस कधी खाली आणू. वसाहतीच्या अलीकडच्या टोकाचे लोक तक्रार करतायत, फार घाण येतेय म्हणून."

"मग मुरली."

"अलीकडच्या टोकाला, दादा. मी पलीकडचं विचारतोय. बाजाराची गल्ली."

मी उठून बसलो. मला राग आला होता, त्याच्यावर नाही, त्या प्रश्नावर. मी म्हणालो, "सांधे कुणी जोडलेत?"

"तू."

"एकशे अठ्ठ्याऐंशी सांध्यांतून एक बुडबुडा बाहेर येणार नाही. गळणारच नाही तर वास कशाला हवा? लिही पॉइंट तीन आणि मोकळा हो."

मला माहीत होतं. पोलाद वास पितं हे मला त्याच्याआधी माहीत होतं, मीच त्याला शिकवलं होतं. तरी मी ते बोललो. त्यानं त्या संध्याकाळी वहीत लिहिलं, बाजार गल्ली, शेवटचं टोक, शून्य पॉइंट तीन. साहेबांनी डोस खाली आणला.

त्या गल्लीत शेवटून दुसरं दुकान इस्त्रीवाल्या बाईंचं होतं. लहानशी जागा, एक टेबल, मागं कपड्यांचे ढीग, आणि इस्त्री तापवायला गॅसची शेगडी. त्यांचे यजमान बस चालवायचे. बाईंना कपड्यांवर चिठ्ठी लावायची गरज पडायची नाही, असं गल्लीतले लोक नंतर सांगत होते. शर्ट उचलला की वासावरून ओळखायच्या, हा वकिलांचा, हा दवाखान्यातला, हा त्या म्हाताऱ्या मास्तरांचा, तंबाखूचा.

लाइन सुरू झाल्यावर पाचव्या आठवड्यात, सकाळी साडेसातला, त्यांनी दुकानाचं शटर वर केलं, आत गेल्या आणि शेगडीला लायटर लावला. शेगडीची रबरी नळी मागच्या बाजूनं चिरली होती. माझा सांधा नव्हता. सगळी लाइन तपासली, माझा एकही सांधा गळला नव्हता. शटर रस्त्याच्या पलीकडे जाऊन पडलं.

नाकोबाला फोन आला तेव्हा तो घरी चहा पीत होता. तो दुकानाकडे गेला नाही. सायकल काढली आणि वासघराकडे सुटला, आणि पंप पूर्ण उघडला. उरलेल्या तीनशे घरांसाठी. दुपारपर्यंत अख्खी वसाहत घाणीनं भरून गेली, लोकांचे फोनावर फोन. आणि म्हणूनच तिसऱ्या दिवशी तपासणीवाल्यांनी बाटलीत नमुना घेतला तेव्हा तो व्यवस्थित निघाला. वास भरपूर. वही बरोबर, नमुना बरोबर.

बाई नऊ दिवस होत्या. नाकोबा रोज दवाखान्यात जायचा. आत नाही, बाहेर औषधाच्या दुकानापाशी उभा राहायचा. नवव्या दिवशी बाईंचे यजमान, ते ड्रायव्हर, बाहेर आले आणि पायरीवर बसले, तेव्हा त्याला कळलं.

चौकशी कंपनीच्या वरच्या हॉलमध्ये झाली, सकाळी अकराला. टेबलामागं तिघं, मधे अध्यक्ष, निवृत्त इंजिनीअर. समोर खुर्च्या. ड्रायव्हर पहिल्या रांगेत, इस्त्री केलेला शर्ट घालून. तो कुणी इस्त्री केला असेल असं माझ्या मनात येऊन गेलं. मी मागच्या रांगेत होतो. आदल्या दिवशी धाकटी माझ्याकडे आली होती. दारातच उभी राहिली, बसली नाही.

"मोठे भाऊजी, यांना बोलू द्या."

"मी कुठं अडवलंय?"

"नुसतं न अडवून भागणार नाही. हो म्हणा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय हे काही करत नाहीत, जन्मात केलं नाही."

"बोलून ती बाई परत येणार आहे का? चार महिने राहिलेत त्याचे. नमुना चांगला आला. कुणी त्याच्याकडे बोट दाखवत नाहीये."

धाकटी म्हणाली, "बाईकडे दाखवतायत." आणि गेली.

ते खरं होतं. चौकशीत कंपनीच्या वकिलांनी वही उघडून वाचली. बाजार गल्ली, शून्य पॉइंट तीन. म्हणजे नियमापेक्षा तिप्पट चांगला. तर मयत ग्राहकाला वास आलाच असणार. वास येत असताना लायटर लावला, ग्राहकाचा निष्काळजीपणा.

ड्रायव्हर उठले. त्यांना बोलायची वेळ दिलेली नव्हती. म्हणाले, "साहेब, ती माझ्या शर्टावरून सांगायची मी कुठल्या रूटला होतो. घाटातल्या रूटचा वास वेगळा, गावातल्याचा वेगळा. तिला गॅसचा वास आला नाही? आणि आला तर ती लायटर लावेल? मला एवढंच विचारायचंय. बाकी काही नको मला."

अध्यक्ष म्हणाले, "आपल्या भावना समजतो. पण वही आहे."

तेव्हा नाकोबा उठला. त्यानं मागं वळून बघितलं नाही. दर वेळी काही करायच्या आधी तो माझ्याकडे बघतो. त्या दिवशी नाही.

"वही खोटी आहे," तो म्हणाला. "ती मी लिहिली."

हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली. वकील म्हणाले, यांच्यावर दडपण आहे, एकाच गावात राहतात, वगैरे. अध्यक्षांनी त्याला विचारलं, नमुना तर चांगला आलाय, मग तुमचं म्हणणं काय? तो म्हणाला, "स्फोट झाल्यावर मी पंप उघडला म्हणून चांगला आलाय. पुस्तिकेत लिहिलंय साहेब, सामान्य घ्राणशक्तीच्या माणसाला ओळखता यावा. माझी सामान्य नाही. हिवाळ्यापासून मला कसलाच वास येत नाही."

"हे आम्ही कसं मानायचं?"

"पेटी आणा."

कॅन्टीन खालच्या मजल्यावर होतं. सगळे खाली गेलो. खिडक्या उघडल्या, बर्नर विझवले, शेगडीची नळी काढून पेटीला लावली. त्या दिवशी गॅस चांगला होता, डोस वाढवलेला. आधी अध्यक्षांनी स्वतः नरसाळ्यावर नाक ठेवलं आणि चावी जरा उघडताच मागं झाले. पॉइंट चार. मग नाकोबा बसला. चावी उघडत गेला. पॉइंट पाच. एक. दीड. स्वयंपाकी तोंडावर फडका धरून बाहेर गेला. वकिलांनी रुमाल काढला. दोन. नाकोबाचं नाक नरसाळ्यात, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. तो खरोखर प्रयत्न करत होता. मला दिसत होतं. एवढ्या माणसांसमोर, स्वतःलाच खोटं पाडावं म्हणून, तो वास येतोय का बघत होता. अडीच. चावी शेवटाला लागली आणि टक असा आवाज झाला. तरी त्याचा हात दाबतच होता.

ड्रायव्हर म्हणाले, "बास करा आता."

वर आल्यावर अध्यक्षांनी कागद पुढं ओढला. विचारलं, "आकडे कुठून घ्यायचात?"

"जुने मागच्या वर्षीच्या वहीतून. नव्या लाइनचा मनानं."

"हे असं लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं? साहेबांनी?"

"नाही."

"आणखी कुणाला माहीत होतं?"

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर कुणीतरी चाकूनं काहीतरी कोरलं होतं, ते मी वाचत होतो. उठायला काय लागतं? दोन गुडघे. एकोणतीस वर्षं मी खड्ड्यात उतरून वर चढलोय.

"कुणालाच नाही," नाकोबा म्हणाला. "घरातसुद्धा नाही."

मी बसून राहिलो.

अहवालातून निष्काळजीपणाची ओळ काढली. ड्रायव्हरना तसं पत्र मिळालं, हे मला बसच्या डेपोत कळलं. नाकोबाला कामावरून काढलं, आणि त्याच्यावर खटला भरला. साहेबांवर नाही, दुसऱ्या माणसाची जागा रद्द करणाऱ्यांवर नाही. तो सही करणारा होता. आता तो घरीच असतो. धाकटी दुकानात जाते, हा भांडी घासतो, कपडे वाळत घालतो. गल्लीतले लोक बोलतात त्याच्याशी. काही जण नाही बोलत.

माझा भाऊ असा आहे. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की आमच्या घरात मोठा कोण, तर मी. कमावता, धाडसी, सांधे न गळणारा. त्या हॉलमध्ये ऐंशी माणसं होती आणि एकच माणूस उभा होता. त्याला हातोडा धरता येत नाही. तो माझा भाऊ आहे, सख्खा, हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो. फक्त आता सांगताना आवाज चढत नाही.

गेल्या रविवारी तो आला होता. मी विचारलंच शेवटी. "माझं नाव का नाही घेतलंस?"

तो माझ्या नातीला मांडीवर घेऊन बसला होता. वर न बघता म्हणाला, "तुला जमलं असतं का, दादा?"

रागानं नाही म्हणाला. चौकशी केल्यासारखं, तब्येतीची करतात तशी. आणि मी त्याला उत्तरेच्या लाइनबद्दल सांगायला लागलो, की तपासणीत एकशे अठ्ठ्याऐंशीच्या एकशे अठ्ठ्याऐंशी सांधे पास झाले म्हणून. तो ऐकत होता. "हो," म्हणाला, "ते तर होणारच होते."

पुढच्या महिन्यात कोर्टात तारीख आहे. हे सगळं मी लिहून काढलंय ते तिथं देण्यासाठी. लिहिताना हात थांबला नाही. पण न्यायाधीशांनी विचारलं तर उभं राहून तोंडानं सांगता येईल का, ते माहीत नाही. माहीत नाही हे शब्द मी कधी कुणासमोर बोललेलो नाही.